दुरून पडके वाडे साजरे

मागच्या महिन्यात फॅमिली ग्रुपवर चुलतभावाने नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्याचा फोटो टाकला, मागच्या भिंतीतून पिंपळ निघालाय मनगटाएवढा, नि खाली लिहिलं की आता बिल्डरला देऊन टाकू. मी इथे डेट्रॉइटजवळ हीटर लावून बसलेलो, लगेच टाईप केलं, असं कसं रे, जुनं जपलं पाहिजे. काकांचा रिप्लाय आला, "तू ये नं बाप्पा, पावसाळ्यात एक रात्र झोप माडीवर, मग सांग."

गप्पच बसलो.

पडक्या बिल्डिंगांचं वेड मला आधीपासूनचं. सिव्हिल लाइन्समध्ये एक बंद बंगला होता, आम्ही सायकली टेकवून फाटकातून बघत राहायचो, आत बाई दिसते म्हणे. बाई कसली, भावाभावांची केस चालू होती कोर्टात, हे मोठं झाल्यावर कळलं. खंडर दिसलं की आपण भूत शोधतो, सातबारा कोणी शोधत नाही.

इथे आल्यावर तर चंगळच. डेट्रॉइटचं मिशिगन सेंट्रल रेल्वे स्टेशन, १९१३ चं, मागे १८ मजली टॉवर, १९८८ ला शेवटची गाडी गेली नि मग तीस वर्षं नुसता सांगाडा, लोक लांबून लांबून फोटो काढायला यायचे, मीपण त्यातलाच. २०१८ मध्ये फोर्डने घेतलं तेव्हा कोणीतरी तिथून चोरलेलं घड्याळ गुपचूप परत आणून ठेवलं. जून २०२४ ला उघडलं, बघून आलो, काय झकास केलंय राव! हेच उदाहरण मी ग्रुपवर फेकणार होतो.

पण तिथे मालक एक, खिसा फोर्डचा. आमच्याकडे हिस्सेदार अकरा, त्यातला एक मी, खाली आजोबांच्या वेळचा भाडेकरू, महिना साठ रुपये. १९४९ च्या सीपी अँड बेरारच्या, म्हणजे जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडच्या, भाडे ऑर्डरमध्ये सरकारी रेंट कंट्रोलरच्या परवानगीशिवाय खाली करायची नोटीसच देता येत नव्हती, २००० पासून राज्याचा कायदा आला, त्यात वर्षाला ४ टक्के वाढ. साठाचे ४ टक्के म्हणजे दोन रुपये चाळीस पैसे, करा आता रिपेअरिंग! भाडेकरूला शिव्या देऊन काय होणार, तो तरी जाईल कुठे. आणि जपा जपा म्हणणारे आम्ही एनआरआय, एम्प्रेस मिल, टाटांची, १८७७ ची, तिच्या जागेवर मॉल झाला तिथे सुट्टीत पोरांना घेऊन पिझ्झा खाऊन येतो.

म्हणून यावेळी उपदेश केला नाही, निदान पिंपळ तरी काढा म्हणून पैसे पाठवले. काल काकांचा फोन आला, पैसे तसेच पडून आहेत, मिस्त्री हात लावायला तयार नाही, मुंजा राहते म्हणे त्याच्यात.