अर्ध्या तिकिटाचा हिशेब

‘छळछावणीचे फोटो दाखवले की मुलं आपोआप माणुसकी शिकतात’ हे नाझी अत्याचार शाळेत शिकवण्यावरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. माझी भाची बर्लिनला नववीत आहे. प्रेतांचे ढीग बघताना वर्गातली बरीच पोरं नजर फिरवून मोकळी झाली, म्हणाली. तिला हादरवलं ते भाड्याच्या हिशेबानं. ज्यूंना मृत्युछावणीत पोचवायचे पैसे जर्मन रेल्वे किलोमीटरप्रमाणे लावायची. १० वर्षांखालच्यांना अर्धं तिकीट, ४ वर्षांखालची फुकट!

हिटलरच्या मिशीपेक्षा असले हिशेब मांडणारे कारकून शिकवा. ज्यूंच्या कत्तलीचं नियोजन करणाऱ्या १९४२च्या वान्झे बैठकीतल्या १५ नाझी अधिकाऱ्यांपैकी ८ डॉक्टरेटवाले होते. भाचीने घरी येऊन बँकेतल्या बापाला विचारलं, “बाबा, असला कागद आला असता तर सही केली असतीस?” ‘वरून ऑर्डर असेल तर...’ एवढंच तो बोलला आणि जेवणं बाजूला राहून जोरदार भांडण पेटलं.