नंद्याचा ज्वालामुखी आणि तीन सेकंद

मुलांना विज्ञान कसं शिकवावं यावरचा, शोभाताईने ग्रुपवर टाकलेला तो शोधनिबंध कोणीच पूर्ण वाचलेला नाही, हे कट्ट्यावर टेकताक्षणीच कळलं. कारण प्रत्येकाचं त्यावर ठाम मत होतं.

"मुद्दा साधा आहे," नंद्याने सुरुवात केली. नंद्याचा मुद्दा कायम साधाच असतो. "विज्ञान पुस्तकातून शिकवायचंच नाही. पोरांच्या हातात सामान द्या, करू द्या काय करायचं ते. आपोआप शिकतात. यात संशोधन कसलं करायचंय?"

"तुझ्या ज्वालामुखीसारखं?" मी विचारलं.

इथे थोडा इतिहास. नववीत विज्ञान प्रदर्शनात मी विजेची घंटा केली होती. तीन आठवडे खपून. परीक्षक समोर उभे राहिले आणि घंटा मुकी झाली. शेजारच्या टेबलावर नंद्याने मातीच्या ढिगात सोडा आणि व्हिनेगर ओतलं, लाल फेस टेबलावरून खाली आला, टाळ्या पडल्या, पहिलं बक्षीस. मी हे विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

"बक्षीस होतं त्याला!" नंद्या म्हणाला.

"असेल," शोभाताई म्हणाली. "खरा ज्वालामुखी का फुटतो रे नंद्या?"

"आत प्रेशर असतं. म्हणजे... काहीतरी आम्ल... खाली..."

"खडक वितळतो, त्यात वायू विरघळलेले असतात. तो रस वर येताना दाब कमी होतो, वायू सुटतात आणि उसळी मारतात. त्यात सोडा नाही आणि व्हिनेगरही नाही. तू हाताने केलंस, आणि इतकी वर्षं हाताने केलेलंच डोक्यात घेऊन फिरतोयस."

माझ्या घंटेचा सूड असा अचानक उगवला. मी काही बोललो नाही, फक्त सरसावून बसलो.

शोभाताई बावीस वर्षं सहावी ते नववीला विज्ञान शिकवते. ती शांतपणे बोलते, त्यामुळे जास्त लागतं. म्हणाली, "अब्राहम्स आणि मिलर म्हणून दोघं आहेत. इंग्लंडमधल्या माध्यमिक शाळांत जाऊन त्यांनी प्रयोगाचे २५ तास नुसते बसून पाहिले. २००८ साली छापलं. पोरांना सांगितलेली कृती झकास जमते. जोडा, ओता, मोजा. पण ज्या कल्पनेसाठी तो प्रयोग ठेवला, तिच्याबद्दल तासभरात फारसं कोणी बोलत नाही. विचार आपोआप होईल असं शिक्षकाने धरलेलं असतं. माझ्याच वर्गातलं सांगते. उकळत्या पाण्यात तापमापी ९७ दाखवत होती. सगळ्यांच्या प्रयोगवहीत १००. एकजण तर तापमापी बदलून मागायला आला, म्हणे बाई, ही चुकते."

"शहाणा मुलगा," अण्णा म्हणाले. "पुस्तकात १०० आहे ना? मग १००."

अण्णांना आम्ही आदराने घेतो. म्हणजे ते बोलत असताना मोबाइल बघतो.

"बरं, हे राहू दे," शोभाताईने नंद्याच्या हातातली गाडीची किल्ली घेतली आणि सरळ वर उडवली. झेलली. "हातातून सुटलीय, वर चाललीय. या क्षणी तिच्यावर कोणकोणती बलं आहेत?"

"तू लावलेलं, आणि गुरुत्वाकर्षण," नंद्या तत्काळ. "वर जाताना तुझं जास्त. शेंड्यावर दोन्ही सारखी होतात, म्हणून क्षणभर थांबते. मग तुझं संपतं, खाली येते."

अण्णांनी मान हलवली. मीही हलवणार होतो. (खरं सांगायचं तर अर्धी हलवली होती, ती मानेला रग लागल्यासारखी फिरवून घेतली.)

"न्यूटनचा पहिला नियम येतो?"

नंद्याने डोळे मिटले आणि विराम अवस्था, सरळ रेषेतील एकसमान गती, बाह्य असंतुलित बल, सगळं एका दमात म्हणून दाखवलं. स्वल्पविरामासकट.

"वा! आणि त्याच तोंडाने आत्ता म्हणालास की किल्ली वर जातेय म्हणजे माझं बल तिला चिकटून वर जातंय. हात सुटला तिथे माझं बल संपलं. हवेचा विरोध सोड. वर जाताना, शेंड्यावर, खाली येताना, बल एकच. खालच्या दिशेचं."

"मग वर का जाते?"

"गती आहे म्हणून. गती असायला बल लागत नाही, बदलायला लागतं. तू आत्ता पाठ म्हटलास त्याचा अर्थ हाच."

नंद्या किल्लीकडे बघत राहिला, जणू तिनेच फसवलं. शोभाताई त्याला हसली नाही, हे मात्र लिहायला हवं. उलट म्हणाली, "हे तुझं एकट्याचं नाही. हेस्टेनेस आणि मंडळींनी १९९२ साली बल या कल्पनेवर अशीच प्रश्नावली काढली, सूत्रं नाहीत, आकडेमोड नाही. चुकीचे पर्याय मुलांच्याच डोक्यातून उचललेले. गुण मिळवणारी पोरंही त्यात आपटली."

"हेकने पुढे १९९८ मध्ये त्याच जातीच्या चाचण्यांचे आकडे गोळा केले," शैल्या पहिल्यांदा बोलला. शैल्या संख्याशास्त्रवाला. आकडा दिसेपर्यंत तो झोपलेला असतो. "६२ अभ्यासक्रम, ६५४२ विद्यार्थी. शाळा, कॉलेज, विद्यापीठ सगळं धरून. नुसती व्याख्यानं ऐकलेल्या वर्गांत सरासरी फायदा ०.२३. म्हणजे सुरुवातीला जे येत नव्हतं त्यातलं पावभरसुद्धा शेवटी आलं नाही."

"आणि वर्गात पोरांना बोलायला, वाद घालायला लावलं तिथे ०.४८," शोभाताई म्हणाली.

"निम्मंसुद्धा नाही," शैल्या म्हणाला आणि परत मिटला.

"अरे मग किल्ली उडवून दाखवा ना वर्गात! मी तेच म्हणतोय!" नंद्याला पुन्हा जोर आला. "दाखवलं की पटतं!"

"तुला आत्ता दाखवली ना? दिसलं बल?"

नंद्या गप्प. अर्थात फार वेळ नाही.

शोभाताईचा मुद्दा खरा इथे होता, आणि तो मला त्या निबंधाच्या सारांशातून अजिबात कळला नव्हता. हार्वर्डच्या मॅझूरच्या गटाने २००४ मध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गातली प्रात्यक्षिकं तपासली. नुसतं बसून पाहिलेले विद्यार्थी आणि मुळीच न पाहिलेले, दोघांना कारण विचारलं तर उत्तरं जवळपास सारखीच. ज्यांनी आधी काय होईल याचा अंदाज नोंदवला आणि मग पाहिलं, ते पुढे.

"ती कॉलेजची पोरं," शैल्या डोळे न उघडता म्हणाला.

"माहितीय. म्हणून मी सातवीत करते. आधी अंदाज वहीत लिहायचा, कारणासकट. आणि पेनाने. पेन्सिलीने लिहू दिलं की प्रयोग झाल्यावर खोडरबर फिरतो आणि सगळ्यांना म्हणे आधीपासूनच माहीत होतं. पेनाने लिहिलेली चूक वहीत राहते, मग भांडतात. 'असं कसं झालं' विचारतात. माझा तास तिथे सुरू होतो."

"आणि तुम्ही टाकलेला तो निबंध?" मी विचारलं. वाचला नाही हे कबूल न करता विचारण्याची ही पद्धत.

"सॅडलरचा, २०१३ चा. १८१ शिक्षक, सातवी-आठवीची साडेनऊ हजार मुलं. मुलांना दिली तीच प्रश्नपत्रिका शिक्षकांनाही दिली. पण शिक्षकांना दोन खुणा करायच्या होत्या. बरोबर उत्तर कोणतं, आणि मुलं सगळ्यात जास्त कोणत्या चुकीच्या उत्तरावर जातील. जिथे गैरसमज घट्ट असतो त्या प्रश्नांवर, नुसतं बरोबर उत्तर माहीत असलेल्या शिक्षकांच्या मुलांना फार फायदा नाही. दोन्ही माहीत असलेल्यांची मुलं पुढे गेली." ती थांबली. "बावीस वर्षांत मला किती प्रशिक्षणांना बसवलं. बरोबर उत्तर सगळ्यांनी शिकवलं. मुलं कुठे चुकतील, हे एकानेही विचारलं नाही."

"संबंध आहे, कारण सिद्ध होत नाही," शैल्याने आता एक डोळा उघडला. "ज्याला मुलांच्या चुका माहीत असतात तो एकूणच बरा शिक्षक असेल. शिवाय वर्ग हा एकक. तीस मुलं, शिक्षक एक, म्हणजे तीस स्वतंत्र नोंदी नव्हेत. आणि ताई, तुम्हाला एडी आणि शायर हे संशोधक आवडतात ना? त्यांनी अकरा ते चौदा वयाच्या पोरांना विज्ञानातून विचार करायला शिकवलं आणि पुढे म्हणे इंग्रजीतसुद्धा गुण वाढले. तीच पद्धत इंग्लंडमध्ये नव्याने, मोठ्या चाचणीत तपासली, २०१६ ला निकाल आला. विज्ञानाच्या गुणांत फरक शून्य."

हा टोला बसला. शैल्या माणूस म्हणून कसाही असो, आकड्याला प्रामाणिक आहे.

"वाचलंय," शोभाताई म्हणाली. "त्या दिवशी घरात कोणाशी बोलले नव्हते."

अण्णांनी ही संधी सोडली नाही. मोबाइल नाकाजवळ धरून म्हणाले, "हे बघा, क्लार आणि निगम, २००४. स्वतः शोधून काढा म्हटलेल्या पोरांत २३ टक्के तयार झाली, थेट शिकवलेल्यांत ७७! मी कधीपासून सांगतोय. आमच्या वेळी गुरुजी एकदा सांगत, दुसऱ्यांदा छडी. माझं विज्ञान बघा."

"अण्णा, तुम्हाला विज्ञानात ३५ होते," मी म्हणालो. हे अण्णांनीच एकदा भावुक होऊन सांगितलं होतं.

"पास होतो!"

"अण्णा, ती तिसरी-चौथीची मुलं होती," शोभाताई म्हणाली. "आणि तिथे शिकवणाऱ्याने काय केलं? उतारावरून चेंडू सोडायचे दोन प्रयोग शेजारी मांडले, एक नीट, एक फसवा. आधी मुलांना विचारलं, यातून खात्रीने काही कळेल का? मग समजावलं, एका वेळी एकच गोष्ट का बदलायची. थेट शिकवणं म्हणजे थेट कानाखाली नव्हे."

अण्णा मोबाइल खिशात घालून दिव्याच्या खांबाकडे बघू लागले.

"निष्कर्ष काय मग?" नंद्या. "प्रयोग करायचे की नाही? हो किंवा नाही?"

"तू वर्गात असतास ना, तुझ्याचमुळे बाकीची एकोणतीस पोरं गप्प बसली असती," शोभाताई म्हणाली. "मेरी बड रो नावाची बाई शिक्षकांचे तास ध्वनिमुद्रित करून ऐकायची. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी किती थांबतात? एक सेकंद. ते तीन सेकंद थांबायला लागले तर उत्तरं लांबली, कारणांसकट यायला लागली, कधी न बोलणारी मुलं बोलायला लागली. ना सामान, ना खर्च."

"तीन सेकंद तर कोणीही थांबेल," नंद्या म्हणाला.

शैल्या दोन्ही डोळे उघडून उठून बसला. मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. शोभाताईने किल्ली परत हातात घेतली.

"नंद्या, किल्ली अगदी शेंड्यावर आहे. वेग शून्य. त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, किती? लगेच बोलायचं नाही."

किल्ली वर गेली. खाली आली. कट्ट्यावर पहिल्यांदाच कोणी बोलत नव्हतं. नंद्याचे गाल फुगले, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. अण्णांनीही श्वास धरला, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं तरी.

"शून्य! वेग शून्य म्हणजे सगळंच शून्य!"

"एक पूर्णांक चार," शैल्याने वाचून दाखवलं. "सेकंद."

"उत्तर चूक, पण ज्वालामुखीपेक्षा सुधारणा आहे," शोभाताई म्हणाली आणि एकदाची पोट धरून हसली. नंद्या तिच्या हातून किल्ली हिसकावत ओरडत होता की स्टॉपवॉच आधी चालू केलं होतं, पुन्हा घ्या, आणि या वेळी प्रश्न रसायनशास्त्रातला विचारा.