नावं विचारतात म्हणे!

आज धुळ्यात पारोळा रोडला चहाला थांबलो होतो. बाजूच्या टेबलावर सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंची टिंगल चालली होती. "एचआयव्ही निघाला की कोणाकोणासोबत होता त्यांची नावं विचारतात म्हणे!" हशा. त्यातला एक शहाणा म्हणाला, "घरं फोडायचे धंदे." चहा तसाच ठेवून उठलो, पण डोकं अजून तापलेलंच आहे.

घर कशानं फुटतं ते मी पाहिलंय. नात्यातली एक वहिनी. भाऊ ट्रकवर, आग्रा रोडनं इंदूर-मुंबई. त्याला सगळं माहीत होतं. गोळ्यांची बाटली केबिनमध्ये हत्यारांच्या पेटीत, घरी विचारलं तर "शुगरची गोळी". वहिनीला कळलं कधी? टीबी झाला तेव्हा, कारण टीबी निघाला की एचआयव्ही तपासतातच. तोवर अंगावर लुगडं टिकत नव्हतं तिच्या.

तो जिथं तपासायला गेला तिथं त्यानं "लग्न झालेलं नाही" सांगितलं आणि त्यांनी लिहून घेतलं. संपलं! पुन्हा कोणी विचारलं नाही. टेबलावरच्यांनो, तुम्हाला हवंय तसंच झालं की.

आणि ताई नाव विचारून करतात काय? पेपरात छापतात? आधी सांगतात, तू स्वतः सांग. नाही जमत तर दोघं मिळून सांगू. तेही नको तर त्या ताई परस्पर निरोप देतात की तपासणी करून घ्या, आणि कोणी नाव दिलं ते सांगत नाहीत. लेकरं असतील तर त्यांचीही तपासणी. २०१६ पासून जागतिक आरोग्य संघटना हेच सांगतेय.

हो, नाव फुटलं की बाईलाच मार बसतो, तिलाच माहेरी धाडतात, हे खरंय. म्हणूनच २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात बाईला मारहाणीची किंवा घराबाहेर काढण्याची भीती असेल तर नवऱ्याला कळवू नये असं लिहिलंय. आणि तालुक्याच्या गावात कोण कुठल्या खोलीत शिरलं ते बठ्ठ्यांना दिसतं, हेही मान्य. मग खोली बदला ना! तपासणी का बंद करता?

पोरांचं तर वेगळंच. मोबाईलवर ओळखी होतात, नाव खोटं, गाव खोटं. तिथं ताई कोणाला शोधणार? तिथं दोस्तच दोस्ताला घेऊन येतो. "मी करून आलो, तू पण चल," एवढंच. पॉझिटिव्ह असो, निगेटिव्ह असो, ज्याला आपल्यातली चार माणसं माहीत आहेत त्याच्या हातात तपासणीला बोलवायच्या चिठ्ठ्या द्यायच्या, दोस्तांना वाटायला. सरकारी बोर्ड वाचून कोण जातं हो तपासायला?

वहिनी आता बरी आहे. गोळ्या फुकट मिळतात, रोज घेते, शेतात निंदायला जाते. पोरगं निगेटिव्ह निघालं, देवाची कृपा. भावावर राग धरत नाही ती, मी धरतो. तो गेला. त्यानं वेळेवर सांगितलं असतं, गोळ्या नीट घेऊन विषाणू दाबून ठेवला असता, तर तिला लागणच झाली नसती. "माले कोनी सांगंच नही, भाऊ," एवढंच म्हणाली होती ती. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कोणाला गुपचूप विचारायचं असेल तर १०९७ या सरकारी एड्स हेल्पलाइनवर फोन करा, पैसे लागत नाहीत. आणि कॉमेंटमध्ये "कोणती वहिनी, कोणतं गाव" विचारणाऱ्याला मी ब्लॉक करणार आहे, मग तो कितीही जवळचा असो.