बुडबुडे थांबले, तरी पेडल खाली का जातं?

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, आणि ब्रेकच्या बाबतीत ती तशीच असायला हवी. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पुढच्या चाकांना चार पिस्टनचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे भाग) बसवले, मी लिहिल्याप्रमाणे बुडबुडे थांबेपर्यंत ब्लीडिंग केलं, म्हणजे ऑइल सोडून आतली हवा काढली, ब्रेक ऑइलच्या बाटल्या संपल्या, तरी पेडल अर्ध्याच्या खाली जातं आणि दोनतीनदा मारलं की वर येतं. मोठ्या कॅलिपरला मोठा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर चाकांकडे ऑइल ढकलणारा) लागतो हे मी लपवलं आणि लोकांच्या जिवाशी खेळ केला, असा तुमचा आरोप आहे.

गाडी या अवस्थेत रस्त्यावर काढली नाहीत, हे फार चांगलं केलंत. ती तशीच उभी राहू द्या. आणि मास्टर सिलिंडर विकत घ्यायची घाई करू नका.

चार पिस्टन म्हणजे चौपट ऑइल, असा समज सगळीकडे आहे. तो चुकीचा आहे. जुन्या सरकत्या (एकाच बाजूला पिस्टन असलेल्या) कॅलिपरशी तुलना करताना नव्याच्या एकाच बाजूचे पिस्टन मोजायचे. समजा जुना पिस्टन 54 मिमीचा होता. त्याचं क्षेत्रफळ सुमारे 2290 चौरस मिमी. नव्या कॅलिपरच्या एका बाजूला 40 मिमीचे दोन पिस्टन असतील, तर त्यांचं मिळून 2513. म्हणजे जेमतेम 10 टक्के जास्त. एवढ्याने पेडल थोडं लांब जाईल, अर्ध्याखाली जाणार नाही. शिवाय मास्टर लहान पडला तर पेडल दर वेळी साधारण तितकंच जातं आणि शेवटी टणक लागतं. उलट 20.6 मिमीच्या जागी 22.2 मिमीचा मास्टर टाकलात, तर तो 16 टक्के जास्त ऑइल ढकलेल खरा, पण तेवढ्याच ब्रेकसाठी पायाचा जोरही 16 टक्के जास्त लागेल. मूळ दोष मात्र जिथल्या तिथे राहील.

मारल्यावर पेडल वर येतं, याची कारणं बहुतेक वेळा दोनच: आत हवा आहे, किंवा डिस्कपासून पॅड अथवा ड्रमपासून लायनर लांब राहिलेत. आधी यातलं कोणतं ते ठरवा. ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण काढा आणि तोंडावर पारदर्शक प्लास्टिक धरा, कारण ऑइल डोळ्यात जाता कामा नये आणि रंगावर पडलं तर रंग खातं. एकाने पेडल वीसेक वेळा भराभर मारून दाबून धरायचं आणि एकदम सोडायचं. दुसऱ्याने टाकीत बघायचं. ऑइल नुसतं हललं तर ठीक. कारंज्यासारखं उसळलं, तर आत दाबली गेलेली हवा फुगून त्याला मागे ढकलतेय.

कारण हवाच आहे असं ठरलं, तर पहिली गोष्ट बघा: ब्लीडर निपल (हवा काढायचा स्क्रू) कुठे आहे? तो कॅलिपरच्या सगळ्यात वरच्या टोकाला हवा. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला की निपल खाली जातो, आणि कॅलिपर मात्र व्यवस्थित बसतो, म्हणून शंकाही येत नाही. मग कितीही ऑइल सोडा, ते खालून निघून जातं आणि वरची हवा उपड्या पेल्यात अडकावी तशी तिथेच राहते. बुडबुडे थांबले याचा अर्थ ऑइलच्या वाटेवर हवा उरली नाही, एवढाच. वाटेबाहेरच्या हवेबद्दल ते काहीच सांगत नाहीत.

निपल वर असूनही कधी कधी ब्रॅकेटमुळे कॅलिपर तिरका बसतो आणि निपलच्या वर थोडी जागा उरते. अशा वेळी होज (ऑइलची रबरी नळी) न सोडता कॅलिपर उतरवा, पॅडमध्ये डिस्कच्या जाडीची लाकडी पट्टी घट्ट धरा (नाहीतर पिस्टन बाहेर येतील), निपल वर येईल असा कॅलिपर फिरवा आणि मग हवा काढा. एका कॅलिपरला आत-बाहेर दोन निपल असतील, तर दोन्ही उघडावे लागतात.

काम चालू असताना टाकी रिकामी झाली होती का? झाली असेल तर मास्टरमध्ये किंवा एबीएसच्या (चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये हवा शिरलेली असू शकते. एबीएसमधली हवा बऱ्याच गाड्यांत पेडल मारून निघत नाही. स्कॅनर लावून आतला पंप आणि व्हॉल्व्ह चालवावे लागतात. काढलेलं ऑइल परत टाकीत ओतू नका. त्यात बारीक हवाही असते आणि ओलही.

व्हॅक्यूम पंप वापरत असाल तर उलटा घोळ होतो. निपलच्या आट्यांमधून बाहेरची हवा ओढली जाते आणि बुडबुडे संपतच नाहीत. तेवढ्यावरून सिस्टिममध्ये हवा आहे असं धरू नका.

टाकीत ऑइल उसळलं नाही, तर मागच्या चाकांकडे जा. ड्रमची ॲडजस्टमेंट ढिली असेल तर लायनर ड्रमपर्यंत पोहोचण्यातच पेडलची निम्मी चाल संपते. लोक पुढच्या नव्या कॅलिपरमध्ये दोष शोधत बसतात आणि मागचं चाक कुणी उघडतच नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं. उभ्या गाडीत पेडल छान आणि थोडी चालवल्यावर खाली, असं झालं तर डिस्क वाकडी फिरतेय का ते तपासा. हबवरचा गंज न घासता नवी डिस्क बसवली की ती डुलते आणि पॅडना मागे ढकलते.

एक कळकळीची विनंती. जुन्या मास्टरवर पेडल तळापर्यंत मारू नका. रोजच्या वापरात सील जिथवर जात नाहीत, तिथे बोअरमध्ये (सिलिंडरच्या आतल्या पोकळीत) गंज असू शकतो, आणि त्यावर घासून सील फाटतात. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. इंजिन चालू ठेवून पाय दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली सरकायला लागलं, तर बाहेर कुठे गळतंय का बघा. नसेल, तर तेव्हा मात्र मास्टर बदला.

निपल वर आहेत की खाली, टाकी रिकामी झाली होती का, आणि मागे ड्रम आहेत की डिस्क, एवढं कळवा. कॅलिपरचा बाजूने काढलेला फोटो मिळाला तर आणखी बरं. तोवर गाडी हलवू नका.