कोंबडा फ्रीजरमध्ये झोपत नाही

‘जास्तीचे कोंबडे? हिंसा न करता सोपे उपाय’ अशा मथळ्याचा मेसेज गेला आठवडाभर नाशिककडच्या गावरान कोंबडीवाल्यांच्या ग्रुपवर फिरतोय. काल मखमलाबादच्या मावशीनं तोच पुढे ढकलला आणि खाली विचारलं, “आपला डीप फ्रीजर रिकामाच आहे, आज रात्री दोन ठेवू का?” म्हणून हे लिहिणं भाग आहे.

मेसेज म्हणतो: टोकदार अंड्यांतून कोंबडे निघतात, तेव्हा ती खुडकीखाली, म्हणजे उबवायला बसलेल्या कोंबडीखाली, ठेवू नका. कोंबडा रात्री डीप फ्रीजरमध्ये ठेवला की थंडीनं गुंगी येते आणि तो झोपेतच जातो. ते नको असेल तर गंगापूर धरणाकडे किंवा त्र्यंबकच्या डोंगरात सोडून द्या. कापू मात्र नका. कापल्यावर तो पाच मिनिटं जिवंत तडफडतो आणि भीतीनं त्याचं मटण विषारी होतं.

आधी फ्रीजर. टोकदार अंड्याच्या चुकीनं फार तर अंडी वाया जातील, या चुकीनं एक जीव हाल हाल होऊन मरेल. कोंबड्याच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्यापेक्षा चार अंश जास्त, आणि वर पिसांची दुलई. उणे १८ च्या पेटीत टाकलेलं त्याचं शरीर झोपत नाही, गरम राहण्यासाठी झगडतं. तो पिसं फुलवतो, थरथरतो, श्वास वाढवतो. पेटी बंद, त्यामुळे त्या वाढलेल्या श्वासाला हवा पुरत नाही. तुरा, गळ्याखालची लोळी आणि पायाची बोटं उघडी असतात, ती आधी गोठतात, आणि तेव्हा तो शुद्धीवर असतो. दोन-अडीच किलोचा पक्षी थंड पडायला तास जातात.

मग लोकांना तो झोपला असं का वाटतं? कारण कुठलाही कोंबडा अंधारात दोन मिनिटांत गप्प बसतो. खुराड्याचं दार लावलं की रोज हेच होतं. त्या गप्प बसण्यालाच गुंगी समजून कुणीतरी हा उपाय लिहून मोकळा झाला.

प्राण्यांना कमीत कमी त्रासात मरण कसं द्यायचं, यावर अमेरिकन व्हेटरनरी मेडिकल असोसिएशनची २०२० ची मार्गदर्शिका जगभरचे पशुवैद्य वापरतात. तिच्यात गारठवून मारणं अयोग्य ठरवलंय, पाण्यात बुडवणंही. गोठवायची मुभा आहे ती चार ग्रॅमपेक्षा हलक्या, थंड रक्ताच्या बेडूक-पालीसारख्या जिवांना, तीही द्रव नायट्रोजनमध्ये क्षणात गोठवायची. घरच्या फ्रीजरचा आणि कोंबड्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

आता ‘कापू नका’ याकडे. इथे एक गोष्ट नाइलाजानं मान्य करावी लागते. शुद्धीवरच्या पक्ष्याचा नुसता गळा चिरला तर त्याची शुद्ध त्याच क्षणी जात नाही, आणि बोथट सुरीनं, एकाच बाजूची नस कापली तर बराच वेळ जात नाही. तीच मार्गदर्शिका रक्त काढायचं ते आधी बेशुद्ध करून, असं सांगते. पण यावर उपाय फ्रीजर नाही, काम नीट शिकणं आहे.

तीन किलोच्या आतल्या कोंबड्याची मान आधी निखळवायची. (ही तीन किलोंची मर्यादा युरोपीय संघाच्या २००९ च्या नियमातली आहे.) दोन्ही पाय डाव्या हातात कमरेजवळ घट्ट धरायचे. उजव्या हाताची पहिली दोन बोटं कवटीच्या अगदी मागे मानेच्या दोन्ही बाजूंना, अंगठा चोचीखाली. मान खाली ताणायची आणि त्याच दमात डोकं मागे, पाठीकडे वाकवायचं. सांधा सुटल्याचं बोटांना कळतं. कवटी आणि पहिल्या मणक्याच्या मध्ये बोट बसेल एवढी पोकळी हाताला लागते. लागली नाही तर थांबून विचार करायचा नाही, लगेच पुन्हा ताणायचं. पिरगळणं, हातात धरून गरगर फिरवणं हे नको. त्यात कातडी पिळली जाते, मणका जागेवर राहतो आणि पक्षी श्वास कोंडून मरतो. बोटं कवटीपासून खाली सरकली तर मान मध्येच निखळते, मेंदूला लागून निखळत नाही. नवख्यांची चूक हमखास इथेच होते. जोर जास्त होऊन मुंडकं हातात आलं तर दिसायला वाईट, पण कोंबड्याला त्याचा त्रास नाही.

वर्षाचा गिरिराज (मोठ्या अंगाची सुधारित जात) तीन किलोच्या पुढे जातो, त्याची मान हातानं निखळत नाही, उगाच बळ लावू नका. गोणपाटाच्या कोपऱ्याला भोक पाडून त्यातून डोकं बाहेर काढा, म्हणजे पंख आवळले जातात. लाकडी ओंडक्यावर तीन सेंटीमीटर अंतरानं दोन खिळे ठोका, डोकं त्यांच्यामागे अडकवून मान हलकी ताणा आणि जड, नुकत्याच धार लावलेल्या कोयत्यानं एका घावात मुंडकं वेगळं करा. कोंबडा धरायला दुसरं माणूस हवं. कोयत्याची धार शंकास्पद असेल तर त्या दिवशी काम करू नका.

रक्त निथळायला नरसाळ्यासारखा शंकू सर्वांत सोयीचा. पत्रा वळवून करा: वरचं तोंड २३-२५ सेंटीमीटर, खालचं भोक ९-१०, उंची ३० च्या आसपास. भोक मोठं झालं तर खांदे बाहेर येतात आणि पक्षी घसरतो, लहान झालं तर मान पुरती बाहेर येत नाही आणि काप चुकीच्या जागी पडतो. मान निखळवलेला कोंबडा डोकं खाली करून त्यात सोडा, जबड्याच्या लगेच खालची पिसं बाजूला सारा आणि दोन्ही बाजूंच्या नसा कापा. मानेच्या खालच्या भागात त्या नसा खोल असतात, तिथे काप उपयोगाचा नाही. दोन मिनिटं पूर्ण निथळू द्या, तोवर गरम पाण्यात बुडवू नका.

पाच मिनिटांच्या तडफडीचं काय? पंख जोरात फडफडतात, हे खरं. मेंदूचा ताबा सुटला की मणक्यातल्या नसा स्वतःहून स्नायू हलवतात, आणि ते मिनिट-दोन मिनिटं चालतं. मुंडकं तुटलेलं धडही फडफडतं, मग ते जिवंत म्हणायचं का? जिवंत आहे की नाही हे पंखांवरून नाही, डोळ्यावरून कळतं. बुबुळाला बोटाचं टोक हलकेच लावा. पापणी मिटली नाही, जबडा सैल पडला आणि शेपटीखाली श्वासाची लय दिसली नाही, तर कोंबडा गेला. पापणी हलली तर काम अर्धवट राहिलंय, ते त्याच सेकंदाला पूर्ण करा.

मटण विषारी होतं, हे खोटं. पण अंगणभर पळवून दमवलेल्या कोंबड्याचं मटण कोरडं, चिवट निघतं आणि त्यावर काळेनिळे डाग असतात, एवढं खरं आहे. म्हणून तो दिवसा पळवून धरायचाच नाही. रात्री बसलेला असताना दोन्ही हातांनी पंखांसकट उचलायचा. आदल्या रात्रीपासून आठ ते बारा तास दाणा बंद, पाणी चालू.

टोकदार अंड्याची गोष्ट तर आजीच्या काळापासून ऐकू येते. तुमच्याकडची एकच कोंबडी बघा, तिची अंडी जवळजवळ एकाच घडणीची असतात. तरी तिच्याखाली तलंगाही (तरुण माद्या) निघतात आणि कोंबडेही. पक्ष्यांत नर की मादी हे आईच्या बीजावर ठरतं आणि तेही कवच चढायच्या आधी. आकार नंतर येतो.

जंगलात सोडणं याला दया म्हणू नका. कोंबड्याचा पूर्वज रानातला, हे बरोबर, पण तो लाल रानकोंबडा. आपल्या सह्याद्रीत आहे तो राखी रानकोंबडा, आणि अंगणातला कोंबडा राणीखेत किंवा देवी असा साथीचा रोग घेऊन तिथे गेला तर भोगायचं त्या बिचाऱ्यानं. खुराड्यात वाढलेला तिथे टिकत नाही, पहिल्या काही दिवसांतच मुंगूस, कुत्री किंवा बिबट्या. बिबट्याला वस्तीजवळ आयतं खाणं मिळायची सवय लागली तर काय होतं हे नाशिककरांना सांगायला नको. शिवाय उपाशी-तहानेला मरेल अशा ठिकाणी जनावर सोडून देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ खाली गुन्हा आहे. खाण्यासाठी मारणं गुन्हा नाही, विनाकारण वेदना देऊन मारणं गुन्हा आहे. मेसेज नेमकं उलटं सांगतोय.

मारायची वेळच कमी यावी असं वाटत असेल तर आठ-दहा कोंबड्यांना एक नर ठेवा. बाकीचे दहा-बारा आठवड्यांचे झाले की तुरा आणि पाठीवरची टोकदार पिसं बघून वेगळे काढा. तलंगा नजरेआड असतील तर नर एकत्र बऱ्यापैकी नांदतात. पाचव्या महिन्यात विका. आखाडात, श्रावण लागायच्या आत, गावरान कोंबड्याला सर्वांत चांगला भाव असतो. झुंजीसाठी मागणाऱ्याला देऊ नका. आणि मान वाकडी, हिरवी हगवण, पटापट मरतूक असं काही दिसलं तर विकूही नका, कापूही नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

मावशी, आज रात्री दोघांना डालग्याखाली वेगळं ठेव. आठनंतर दाणा देऊ नको, पाण्याचं भांडं राहू दे. आधी वजन कर, तीन किलोच्या वर असतील तर कोयत्याला धार लावून ठेव. पिसं आणि आतडी पुरायला कुत्र्यांना उकरता येणार नाही असा दोन-अडीच फूट खोल खड्डा घे, वर चुना टाक. सकाळी साडेसहाला मी येतो, एकटी करू नको.