टेलची खोली

जानेवारीतली पहाट. बाहेर उणे ११, बैठकीत २१ आणि मुलीच्या खोलीत १६. ती स्वेटरवर माझी शाल पांघरून झोपलेली. घर बांधून दोन वर्षंही झालेली नाहीत, खिडक्यांना तिहेरी काचा आहेत, आणि आत लेकरू थंडीनं आखडलंय. मी टॉर्च घेऊन तळघरात निघाले होते तेवढ्यात फोन वाजला. परभणीत साडेनऊ वाजले होते. भाऊ म्हणाला, "ताई, धाबं पाडायचं ठरलंय. पुढच्या महिन्यात पाया खणतो." धाबं म्हणजे आमचं गावचं जुनं, मातीच्या सपाट छताचं, माळवदाचं घर.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात ही दोन्ही घरं एकमेकांत गुंतली आहेत.

आम्ही दक्षिण जर्मनीत, उल्मजवळच्या एका खेड्यात राहतो. हा श्वाबेन लोकांचा मुलूख. स्वतः राबून घर बांधायची त्यांची खोड जर्मनीभर चेष्टेचा विषय असते. ती आम्हालाही लागली. लाकडी सांगाडा, छप्पर आणि खिडक्या कंपनीनं बसवून दिल्या, आतलं बहुतेक आम्ही केलं. भिंतीतला कापूस भरणं, जिप्समचे तक्ते ठोकणं, रंग, फरशी. आणि जमिनीखालून फिरणारा हीटिंगचा पाइप अंथरणं, जे मी केलं. अशा मेहनतीला इथे 'मुस्केलहिपोथेक' म्हणतात, म्हणजे दंडाच्या जोरावर काढलेलं गहाणखत. बँक त्या राबण्याची किंमत तुमच्या स्वतःच्या पैशांत धरते, अर्थात हात आखडता ठेवून. मदतीला मित्र बोलावले तर त्यांची नावं अपघात विम्यासाठी आठवड्याच्या आत कळवावी लागतात. आपल्याकडच्या सावडीला असा फॉर्म भरावा लागला असता तर सावड कधीच बुडाली असती.

आता त्या थंड खोलीचं सांगते. आमच्याकडे हीट पंप आहे. सोपं सांगायचं तर उलटा एसी. एसी घरातली उष्णता काढून बाहेर फेकतो, हा बाहेरच्या गार हवेतली उष्णता खेचून पाण्यात सोडतो. ते कोमट पाणी, ३२-३५ अंशांचं, फरशीखालच्या अकरा वेटोळ्यांतून फिरतं. जिन्याखालच्या कपाटात या अकरा वेटोळ्यांची तोंडं एका पितळी नळीवर येतात आणि प्रत्येक तोंडाला एक छोटी चावी असते.

माझी पहिली चूक सगळे करतात तीच. पाणी जास्त तापवलं. बैठकीत घाम फुटायला लागला, मुलीची खोली सोळावरून सतरावर गेली आणि विजेचं मीटर भिंगरीसारखं फिरलं. ढोबळमानानं पाणी एक अंश जास्त तापवलं की हीट पंपाला दोन-अडीच टक्के वीज जास्त लागते, मी ते सहा अंशांनी वाढवलं होतं. कारागिराला फोन केला तर तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. मग नळ्यांतली हवा काढली. थोडी फुसफुस झाली, फरक शून्य.

अण्णांना फोनवर हे सगळं सांगितलं. वडिलांना हीट पंप कळत नाही, पण वेटोळी किती लांब आहेत हे त्यांनी विचारलं. न्हाणीघराचं वेटोळं ३८ मीटर, मुलीच्या खोलीचं ११२. ते हसले. "मंग ती टेलला हाय की! वरच्याची दारं चेप."

टेल म्हणजे काय हे आमच्या घरात कुणाला समजवावं लागत नाही. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा, पैठणहून निघून जालन्यातून परभणीत येतो, आणि आमचं रान अगदी शेवटच्या चारीवर. आवर्तन सुटल्याची बातमी पेपरात येते, वरच्या अंगाला ऊस भिजतो, आणि टेलला पाणी पोचेपर्यंत आवर्तन संपतं. अण्णांचं अर्धं आयुष्य रात्री बॅटरी घेऊन चारीवर दारं धरण्यात गेलं. पाणी जिथं वाट सोपी तिथं जातं, एवढं एकच हायड्रॉलिक्स त्यांना येतं. माझ्या घरातही तेच चाललं होतं. ३८ मीटरचं न्हाणीघर पाणी पिऊन बसलं होतं.

मी वरच्या चाव्या चेपल्या. तासाभरानं हीट पंपच बंद पडला. पडद्यावर लिहून आलं, प्रवाह अपुरा.

इथे मला अण्णांची अर्धी गोष्ट आठवली, जी ते त्या दिवशी बोलले नव्हते. कालव्यातच पाणी नसेल तर दारं चेपून काय होणार? आधी वरून किती येतंय ते बघायचं, वाटणीचं नंतर. मराठवाड्याचं अख्खं पाण्याचं भांडण या दोन पायऱ्यांवर उभं आहे. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीत किती उतरायचं हे एक भांडण, आणि जायकवाडीतून टेलपर्यंत किती पोचायचं हे दुसरं. पहिल्यासाठी आपण २००५ च्या कायद्यातलं समन्यायी वाटप घेऊन कोर्टापर्यंत गेलो. दुसऱ्याबद्दल मात्र आपल्यातच गुपचूप राहतो, कारण वरचा ऊसवालाही आपलाच पाहुणा असतो.

तर हीट पंपाकडे परत येणाऱ्या नळीवर एक जाळी असते. दोन्ही बाजूचे कॉक बंद करून, खाली बादली ठेवून मी ती उघडली. आत काळा गाळ, प्लास्टिकचा कीस आणि पिवळसर धाग्यांचा बोळा. धागे मी ओळखले. पाइपाच्या आट्यांवर गुंडाळायला इथे भांगेच्या झाडाचा ताग वापरतात. परभणीचा प्लंबर धागा आणि सफेदा लावतो तसंच. ते गुंडाळण्याचं काम माझंच होतं, आणि मी प्रत्येक आट्याला जरा जास्तच, प्रेमानं गुंडाळलं होतं. वरून पाणी भरण्याआधी नळ्या नीट धुवायच्या असतात, तेही घाईत अर्धवट केलं. म्हणजे चोर घरचाच.

जाळी धुतली, पाणी भरून दाब दीड बारवर आणला, वाढवलेलं तापमान खाली घेतलं, आणि मग अण्णांची दारं. प्रत्येक वेटोळ्याला काचेची नळी असते, मिनिटाला किती लिटर जातंय ते दाखवते. न्हाणीघर पाऊण लिटरवर आणलं, मुलीची खोली सव्वादोनवर. जमिनीखालचं हीटिंग म्हणजे म्हैस आहे, उठायला वेळ लावतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खोलीत २० झालं. कारागिराची तारीख मी रद्द केली आणि त्या आनंदात तीन दिवस सगळ्यांना तेच सांगत सुटले.

इकडे भावाच्या घरावरून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महाभारत पेटलं होतं. पुण्याचा चुलतभाऊ मातीच्या घरांचे देखणे फोटो टाकत होता. माळवद पाडू नका, आजोबांचा ठेवा आहे, नैसर्गिक एसी आहे वगैरे. भाऊ एका ओळीत उत्तर द्यायचा: "एक पावसाळा राहून दाखव." मी चुलतभावाच्या बाजूनं बोलायला गेले तर मलाच ऐकवलं, "ताई, तुला तिथं बसून काय जातंय? तुझ्या घरात माती हाय का?"

नाही. माझ्या घरात एक किलोसुद्धा माती नाही. परदेशात तिहेरी काचेआड बसून गावाला माती राखायला सांगणारे आम्ही लोक जरा निर्लज्जच असतो, आणि पुण्याचे निम्मे.

शिवाय किल्लारी आहे. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीनंतरची पहाट. मी नऊ वर्षांची होते. आमच्याकडे भांडी पडली, भिंतीला चीर गेली, तेवढंच. पण लातूर-उस्मानाबादच्या बातम्या आल्यावर मायनं पुढे कित्येक दिवस आम्हाला अंगणात झोपवलं. जवळपास आठ हजार माणसं गेली, आणि त्यातली बहुतेक भूकंपानं मारली नाहीत, घरांनी मारली. दोन-अडीच फूट जाड भिंत, पण आत-बाहेर दगडांचे दोन वेगळे पदर, मध्ये चिखल आणि भुगा, आणि दोन्ही पदर बांधून ठेवणारा आडवा दगडच नाही. वर माळवदाची माती. बऱ्याच ठिकाणी लाकडी खांब उभे राहिले आणि भिंती फसकन बसल्या.

ती माती कशी वाढली हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मृगाच्या आधी आजी माळवदावर पांढरी माती टाकून घ्यायची, गळू नये म्हणून. जुनी खरवडून काढायची नाही, वर नवी. वर्षानुवर्षं. आपल्या हातानं, मायेनं, घराची निगा म्हणून आम्ही आमच्या डोक्यावरचं वजन वाढवत होतो. म्हणून स्वतः बांधलेल्या, स्वतः राखलेल्या घराचं कौतुक ऐकलं की मला माळवद आठवतं, आणि आता जाळीतला तो धाग्यांचा बोळाही. हात आपला असला म्हणून काम बरोबर होत नाही. फार तर चूक कुठे आहे ते शोधता येतं, तेही आपण काय केलं हे आठवत असेल तर.

आणि मातीच्या गारव्याचंही जरा हिशेबात घ्यायला हवं. माती काही फार मोठी उष्णतारोधक नाही. दीड फूट जाड माळवद थेट उष्णता अडवण्याच्या बाबतीत दोन-तीन सेंटिमीटर थर्माकोलच्या बरोबरीचं. तिची खरी कमाई उशिराची आहे. दुपारचं ऊन आत पोचायला तिच्यातून बारा तास आणि वरही लागतात, तोवर रात्र होते, सानं, म्हणजे माळवदातला झरोका, उघडं असतं, उष्णता निघून जाते. पाच इंची स्लॅबला हा उशीरही जमत नाही आणि अडवणंही. दहा सेंटिमीटर थर्माकोल जेवढी उष्णता रोखतो तेवढी रोखायला काँक्रीट साडेचार-पाच मीटर जाड घालावं लागेल. मे महिन्यात ४३-४४ अंशांत दिवसभर शिजलेला स्लॅब रात्री अकरा वाजता खाली झोपलेल्या माणसावर तव्यासारखा धग सोडतो. हे गावात प्रत्येकाला माहीत आहे, तरी घराची चर्चा निघाली की ती माती की सिमेंट एवढ्यावरच येऊन थांबते. वर काय टाकणार, हे कुणी विचारत नाही.

इथलंही भांडण फार वेगळं नाही. २०२३ मध्ये जर्मनीत हीटिंगच्या कायद्यावरून सरकार पडतंय की काय अशी वेळ आली होती. नव्या हीटिंगची ६५ टक्के ऊर्जा अपारंपरिक हवी, असा तो नियम १ जानेवारी २०२४ पासून टप्प्याटप्प्यानं आला. (जायकवाडीत ६५ टक्के साठा नसेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं, हे २०१४ साली ठरलेलं सूत्रही आमचंच. हा आकडा बहुधा माझ्या पत्रिकेत आहे.) गॅस की हीट पंप यावरून शेजारी शेजाऱ्याशी बोलेना. भिंतीतून किती उष्णता गळते, रेडिएटरला पाणी किती गरम लागतं, हे प्रश्न त्या आरडाओरड्यात मागे पडले. आणि खरं तर पंप चालेल की नाही हे तिथेच ठरतं. भाऊ म्हणतो, "एसी लावू की." लाव. पण माझा हीट पंप आणि तुझा एसी एकाच आईची लेकरं आहेत, भिंतीचं आणि छताचं पाप दोघांनाही विजेच्या बिलात फेडावं लागतं.

एका बाबतीत मात्र मी गप्प बसले नाही. भावानं घर गुत्त्यानं दिलं होतं. गुत्तेदार ओळखीचा, माणूस वाईट नाही. पण भिंतीत पाइप कुठून गेलाय हे विचारलं की भाऊ म्हणायचा, "त्याला ठाऊक हाय." गुत्तेदार उद्या दुसऱ्या गावी जाईल, ते त्याच्यासोबत जाईल. घरकुल योजनेत तर कागदोपत्री गुत्तेदार चालतच नाही. सपाट प्रदेशाला केंद्र आणि राज्य मिळून १ लाख २० हजार, ते टप्प्याटप्प्यानं, आणि वर रोजगार हमीतून ९० दिवसांच्या मजुरीची तरतूद. लाभार्थ्यानं स्वतः उभं राहून बांधावं हाच हेतू. म्हणजे मुस्केलहिपोथेक आपल्याकडेही आहे, फक्त गावात तिच्यात राबणारे दंड दुसऱ्याचेच दिसतात. मी नावं ठेवत नाही. पेरणी सोडून कोण विटा रचत बसेल?

म्हणून भावाला विटा रचायला सांगितलंच नाही. तीन गोष्टी मागितल्या. प्लास्टर करण्याआधी नळाच्या लाइनी रात्रभर दाबाखाली ठेवून बघ. स्लॅबवर दाट फोमचे तक्ते, त्यावर उताराचा कोबा आणि पांढरी फरशी. परवडत नसेल तर या वर्षी निदान चुना. आणि प्रत्येक भिंत झाकण्याआधी तिचा फोटो काढ, शेजारी मीटर टेप उघडून धर. मी माझ्या जमिनीचे असे दोनशेच्या वर फोटो काढले होते, आणि जानेवारीत ११२ मीटरचं वेटोळं कुठून कुठे फिरतंय हे मला त्यांच्यातच सापडलं.

फोमला तो "बघू" म्हणाला. म्हणजे नाही. चुन्याला हो म्हणाला. मायनं वेगळीच मागणी घातली. सगळं पक्कं कर, पण माझ्या खोलीचं दार थेट अंगणात उघडलं पाहिजे.

आता मे महिना आहे. स्लॅब उद्या पहाटे, ऊन चढायच्या आत. काल संध्याकाळी भावानं सळ्यांचे आणि त्यांच्यातून गेलेल्या लाइटच्या पाइपांचे चौदा फोटो पाठवले. चांगले आहेत, एकात अण्णा खुर्ची टाकून बसलेले दिसतात. एकाही फोटोत टेप नाही. मी लिहिलं, परत काढ. त्यावर दोन निळ्या खुणा आल्यात, उत्तर अजून नाही.