मॅडम घरी आहेत का?

मी दारात उभा होतो. दाराच्या अगदी मधोमध, चष्म्यासकट, हातात चहाचा कप. आणि समोरचा माणूस माझ्या खांद्यावरून आत डोकावत विचारत होता, "घरी कोणी आहे का?"

अमेरिकेतल्या आमच्या काउंटीच्या (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा भाग) कौन्सिलचा उमेदवार होता तो. छातीवर बिल्ला, पायात चालून झिजलेले बूट, हातात मोबाइल. मोबाइलमधल्या मतदारयादीत आमच्या पत्त्यावर एकच नाव होतं, बायकोचं. ती शाळेत असतानाच आईवडिलांबरोबर इकडे आली, त्यामुळे केव्हाची नागरिक. मी लग्न करून आलेला, अजून ग्रीनकार्डवर, म्हणजे मत नाही. ती आत ऑफिसच्या कॉलवर होती (शनिवारी! पण तो वेगळा विषय). मी म्हटलं, ती कामात आहे, काय ते मला सांगा. त्याने अत्यंत प्रेमळ चेहरा करून पत्रक माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "एवढं त्यांना द्याल?"

कर्जाच्या कागदांवर सही माझी. प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर पहिलं नाव माझं. बर्फ थांबल्यापासून चोवीस तासांत घरापुढचा फुटपाथ साफ झाला पाहिजे असा काउंटीचा नियम आहे, तेव्हा फावडं घेऊन उतरणारा मी. पण घरं, वाढ आणि कर यांबद्दल उमेदवाराचं म्हणणं ऐकून घ्यायला लायक असं या घरात एकच माणूस, आणि ते मी नव्हे. मी पोस्टमन.

मेरीलँडमधल्या मॉन्टगोमेरी काउंटीची वस्ती दहा लाखांच्या वर आहे. आमच्या जर्मनटाउनला स्वतःची नगरपालिका नाही, त्यामुळे कचऱ्यापासून शाळेपर्यंत सगळ्या तक्रारी काउंटीच्या दारात. कौन्सिल अकरा जणांचं: सात आपापल्या विभागातून, चार सगळ्या काउंटीतून. २००६ पासून त्यात एकही रिपब्लिकन निवडून आलेला नाही, म्हणजे खरी मारामारी जूनच्या प्राथमिक निवडणुकीत (पक्षाचा उमेदवार ठरवणारी ती), एकाच, डेमोक्रॅटिक पक्षाच्या आत. आणि ती कधीकधी किती अटीतटीची! काउंटी एक्झिक्युटिव्हच्या, म्हणजे काउंटीच्या प्रमुखाच्या, जागेची प्राथमिक फेरी २०१८ मध्ये ७७ मतांनी सुटली. २०२२ मध्ये पुन्हा तेच दोघे समोरासमोर, आणि फेरमोजणीनंतर फरक ३२ मतांचा. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत वडापावच्या रांगेत याहून जास्त माणसं असतात, आणि त्यातली निम्मी माझ्यासारखीच, कर भरणारी आणि मत नसलेली.

त्यातून याच काउंटीत टकोमा पार्क नावाचं गाव आहे. तिथे १९९२ पासून गावच्या निवडणुकीत नागरिक नसलेल्यांनाही मत देता येतं. २०१३ पासून सोळा वर्षांच्या मुलांनाही. म्हणजे तिथे मिसरूड न फुटलेलं पोर मतदार, आणि इथे मी चाळिशीत, टक्कल पडलेला, पत्रकं पोचवणारा. तिकडे राहायला जावं असं एकदा मनात आलं होतं. तिथल्या घरांच्या किमती बघितल्या आणि लोकशाहीवरचं प्रेम आवरतं घेतलं.

असो. उमेदवार निघणारच होता, तेवढ्यात काका आले.

काका आमच्या दोन घरं पलीकडे राहतात. रिकामा चकलीचा डबा परत द्यायला आले होते. हा डबा परत करायला गणपतीपासून आत्तापर्यंत वेळ मिळाला नव्हता, पण दारात उमेदवार दिसताच मिळाला. काका मूळचे गिरगावचे. तिसरा मजला, गॅलरीच्या टोकाची खोली, दहा बाय बारा, माणसं नऊ, संडास सामायिक. हे मला कसं माहीत? दर गणपतीला माइक हातात आला की काका चाळ सांगतात. कुणाकडे पाहुणे आले की गाद्या कशा चार घरांतून गोळा व्हायच्या, कुणाचं दार कधी बंद नसायचं, "आणि इथे बघा, शेजारी मेला तरी झिलोवर घर विक्रीला लागलं की कळतं!" (झिलो म्हणजे घरांच्या किमती दाखवणारी वेबसाइट.) बायका डोळे पुसतात. मीही एकदा पुसले होते.

तर काकांनी उमेदवाराचा हात धरला. हस्तांदोलन नव्हे, धरलाच. आणि इंग्रजीत विचारलं, "तुमचं ड्युप्लेक्सबद्दल काय मत आहे?"

ड्युप्लेक्स म्हणजे इथे दोन कुटुंबांचं जोडघर. आता याला थोडी पार्श्वभूमी. २०२४ मध्ये इथल्या प्लॅनिंग बोर्डाने सुचवलं की जिथे एका प्लॉटवर एकच घर बांधता येतं, तिथे दोन, तीन कुटुंबांची छोटी घरंही बांधू द्यावीत. त्यावर ज्या सभा झाल्या त्यांत शांत, निवृत्त, कुत्र्यालाही थँक्यू म्हणणारी माणसं खुर्चीवरून उठून ओरडली. शेवटी २०२५ च्या जुलैमध्ये कौन्सिलने त्याचा बराच आखडलेला अवतार मंजूर केला: फक्त ठरावीक मोठ्या रस्त्यांच्या कडेला. आमची गल्ली त्यात येतही नाही. पण काका सावध माणूस.

उमेदवार म्हणाला, "मी थॉटफुल ग्रोथच्या बाजूचा आहे." चेहरा असा, की हे वाक्य आत्ताच सुचलं.

"म्हणजे बाजूने की विरुद्ध?"

"प्रत्येक भागाचा स्वभाव जपूनच आपण परवडणारी घरं..."

"स्वभाव!" काकांना हवा तो शब्द मिळाला. मग पुढचा बराच वेळ मी आणि उमेदवार दोघंही श्रोते. एका प्लॉटवर तीन कुटुंबं आली तर गाड्या किती? ड्रेनेज कुठून जाणार? शाळेच्या मैदानात आधीच पत्र्याचे पोर्टेबल वर्ग उभे आहेत, त्यात आणखी मुलं कुठे कोंबणार? (यातला शाळेचा मुद्दा खोटा नाही. पूर्वी शाळा भरली की त्या भागात नवी घरं बांधायला बंदी यायची. २०२० मध्ये ती बंदी काढली आणि त्याऐवजी बिल्डरकडून जादा पैसे घ्यायचं ठरलं.) भिंतीला भिंत लागली की प्रायव्हसी संपली. लोकांचं खाणंपिणं, भांडणं, सगळं ऐकू येणार. माणसाने काय असं दाटीवाटीने राहावं?

मी न राहवून मराठीत म्हटलं, "काका, चाळीत तर..."

"अरे, ती चाळ होती!" काका म्हणाले, आणि पुन्हा उमेदवाराकडे वळले. त्यांच्या ड्राइव्हवेत तीन गाड्या आहेत आणि चौथी मागच्या बाजूला ताडपत्रीखाली, हे मी बोललोच नाही.

मग टॅक्स. इथे मात्र मी मनातून काकांच्या बाजूला गेलो. उमेदवार म्हणाला, दर वाढवायचा नाही असंच माझं धोरण राहील. काका म्हणाले, दराचं सोडा हो, बिल वाढवू नका! राज्याचं खातं दर तीन वर्षांनी घराची किंमत नव्याने ठरवतं. राहत्या घराची काउंटीच्या करासाठी धरायची किंमत वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढत नाही, पण दहा टक्के म्हणजे काय कमी झाले? त्यामुळे दर जागच्या जागी असला तरी बिल चढतं आणि कौन्सिल हात वर करून मोकळं: आम्ही काहीच केलं नाही. २०२३ मध्ये तर केलंही. एक्झिक्युटिव्हने दहा टक्के वाढ मागितली, शाळांसाठी म्हणून, कौन्सिलने ४.७ वर आणली आणि वर सांगितलं की बघा, आम्ही तुमचे किती वाचवले. पण सप्टेंबरात आणि डिसेंबरात हप्ता भरताना मला कधीच काही वाचल्यासारखं वाटलेलं नाही. मी ते उमेदवाराला सांगायला तोंड उघडलं. त्याने मान हलवली, नजर काकांवरच. काका मतदार.

काकांचं मात्र घराच्या किमतीबद्दलही दुखणं आहे. झिलोवर त्यांच्या घराचा आकडा वर गेला की सगळ्या गल्लीला फोन दाखवतात. तोच आकडा टॅक्सच्या कागदावर आला की घर जुनं, छप्पर गळकं, तळघरात ओल. विकायला सोनं, भरायला भंगार.

हे चालू असताना उमेदवाराला काय वाटलं कोण जाणे, त्याने पहिल्यांदा मला थेट विचारलं, "तुम्ही नागरिक नाही म्हणजे... ग्रीनकार्ड आहे?" हो म्हटल्यावर चेहरा उजळला. मत नाही देता येणार, पण देणगी देता येईल! काउंटीची योजनाच आहे, २०१४ चा कायदा, २०१८ पासून वापरात. काउंटीत राहणाऱ्यांच्या छोट्या देणग्यांना सरकारी तिजोरीतून जोड मिळते, पहिल्या पन्नास डॉलरना चौपट. आणि ती तिजोरी भरतो कोण? मीच की. म्हणजे पन्नास मी द्यायचे आणि वरचे दोनशेही माझ्यासारख्यांच्याच टॅक्समधून. त्याने क्यूआर कोड पुढे केला. मी पत्रक उंच धरून म्हटलं, हिला विचारून सांगतो.

उमेदवार जायला वळला तशी काकांनी त्याला पुन्हा थांबवलं. आवाज एकदम खाली. त्यांचा मुलगा फ्रेडरिकला राहतो, शेजारच्या काउंटीत. इथे घर परवडलं नाही. रोज सकाळी २७० नंबरच्या हायवेवर त्याचं आयुष्य चाललंय. तर परसात, मागे, एक छोटं वेगळं घर बांधलं तर? परवानगी मिळते का?

मिळते की, उमेदवार म्हणाला, २०१९ मध्येच नियम सैल केलेत, मालक त्याच जागेवर राहत असला म्हणजे झालं. काकांनी विचारलं, शेजाऱ्यांची हरकत चालते का? सगळे नियम पाळले तर सहसा नाही. काकांचा चेहरा एवढा प्रसन्न मी गणपतीतही पाहिला नव्हता.

"आणि बाकीच्यांनी आपापल्या परसात बांधली तर?" मी विचारलं.

"ते बघावं लागेल," काका म्हणाले. "प्रत्येकाची परिस्थिती वेगळी असते."

उमेदवार पुढच्या घरी गेला. डबा माझ्या हातात देत काका म्हणाले, कामाला ट्रक येईल तो त्यांच्या बाजूने आत शिरणार नाही, तिकडे मेपलचं झाड आहे. तुझ्या हिरवळीवरून आणला तर दोन महिने चाकोऱ्या राहतील, नंतर गवत येतं. तुझी काही हरकत नाही ना रे?

मी म्हटलं, "काका, आधी ट्रॅफिक स्टडी करून घेऊ."